चौदा बेटांची थाप

बीडमध्ये कसलंही काम नसताना कोसभर चालत जाणारा एकच माणूस मी पाहिला. त्याच्या घरी मी तीन वर्षं भाड्यानं राहिलो, त्याच्या चुलीवरचं जेवलो आणि त्याच्याच घरात, भर पंगतीत, त्याचा घात केला. तो कसा केला हे मी आजवर धड कुणाला सांगितलेलं नाही. लोक विचारत तेव्हा मी म्हणायचो, रागाच्या भरात झालं. ते खरं नाही. आता पन्नाशी उलटली आहे, तेव्हा जसं झालं तसं लिहून टाकतो.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कचेरीत नुकताच अहलकार म्हणून, म्हणजे साधा कारकून म्हणून लागलो होतो. तो माणूस म्हणजे काका, सगळं गाव त्यांना काकाच म्हणे. ते कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसत. ते अर्जनवीस. ज्याला सरकारात गाऱ्हाणं मांडायचं असेल त्यानं त्यांच्यापुढं उकिडवं बसून ते सांगायचं आणि काकांनी ते कागदावर उतरवायचं. उर्दू लिहीत, मोडीही लिहीत. मोडी अक्षर तर असं, की नेकनूरपासून सिरसाळ्यापर्यंत कुणाच्याही पेटीतून त्यांच्या हातचा कागद निघाला तर नाव न वाचता लोक सांगत, हे काकांचं.

पण लोक यायचे अर्जासाठी आणि थांबायचे थापांसाठी.

अर्जावरची शाई वाळेपर्यंत काका सुरू करत. "मी एका गावी होतो. स्टॉकहोम त्याचं नाव. चौदा बेटांवर गाव हाय बघा. ह्या आळीतून त्या आळीत जायचं तर पूल, न्हाई तर नाव. आपलं कंकालेश्वराचं देऊळ कसं पाण्यात उभं हाय, तसं अख्खं गाव."

"आन् पानी आटल्यावर?" समोरचा कुणबी विचारी.

"आटत न्हाई. गोठतं. मग लोक पायाला लोखंडाची पट्टी बांधून त्याच्यावरून घसरत जातात. बायासुद्धा."

"आता हे मातुर लई झालं, काका!"

मग हशा. काकाही हसत. त्यांना आवडायचं ते मात्र गाव नव्हतं, गावाबाहेरचं होतं. तिथले लोक सुटीच्या दिवशी टोपलीत पाव आणि उकडलेले बटाटे घालून धाकट्या आगबोटीत बसतात, मनाला येईल त्या बेटावर उतरतात, दिवसभर रानातून हिंडतात आणि संध्याकाळी परत येतात. रानात चुना फासल्यासारखी पांढरी झाडं. खाली करवंदाएवढी निळी फळं. खाल्ली की जीभ निळी होते.

"रान कुणाचं?" नेकनूरच्या एका म्हाताऱ्यानं एकदा विचारलं.

"असंल कुणाचं तरी."

"आन् राखोळीला कोण बसतो?"

"राखोळी न्हाई. कुणीबी जावं, कुणीबी तोडून खावं. मालक रस्त्यात भेटला तर हात वर करून रामराम घालतो."

म्हातारा सुन्न झाला. पाणी गोठण्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं. काकांकडं बघून तो म्हणाला, "मंग तिथला अर्जनवीस खातो काय?"

काका त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्यांच्या काही सवयींनी गाव हादरायचं. नदीवरून घागरी घेऊन बाया येत असल्या की काका वाटेच्या कडेला होत आणि डोक्यावरची पगडी हातभर वर उचलत. बोडक्या डोक्यानं, दिवसाढवळ्या, परक्या बायकांपुढं! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पगडीत विंचू शिरला. बायका पदर तोंडाशी धरून पळत. पुढं पुढं त्या लांबूनच "आले गं पगडीवाले" म्हणून हसू लागल्या.

एकदा त्यांनी एका देशमुखाच्या बांधावरची बोरं ओंजळभर काढली, मालक समोर उभा असताना. देशमुख आधी चकित झाले, मग लाल. "अर्जनवीस, हे काय?" काकांनी हात वर करून रामराम घातला आणि त्यांनाच दोन बोरं देऊ केली. देशमुखांनी ती घेतली. मला ते खरं वाटेना. घरी जाऊन त्यांनाही वाटलं नसेल, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधावर गडी बसवला.

आमच्या हैदराबाद राज्यात सुटी शुक्रवारची. त्या दिवशी काका सकाळीच माझ्या दाराशी येत. "मुन्शी, चल. गाव बघायचं तर गावाबाहेर जावं लागतं." मग आम्ही कधी खंडेश्वरीच्या टेकडीवर, कधी नदीच्या उगमाकडं, कधी नुसतंच मांजरसुंब्याच्या वाटेनं जायचो. नातं नाही, वसुली नाही, देवाचा वार नाही. चौकीच्या जमादारानं एकदा अडवलंच.

"कां जारैं पंडतजी?"

"फिरायला."

"काम क्या है?"

"काम कायी न्हाई."

जमादारानं आधी काकांना, मग मला न्याहाळलं. "बगैर काम के तो बैल बी नइं चलता जी!" त्याला वाटलं, आम्ही काहीतरी पुरायला नाहीतर उकरायला निघालोय. तो काठी घेऊन मागं मागं आला. दोन कोस आला. काका एका उंचवट्यावर बसले, फडक्यातली भाकरी सोडली, त्याला अर्धी दिली आणि समोरच्या डोंगराच्या ओळीकडं बघत राहिले. जमादारही बघत राहिला. बऱ्याच वेळानं घाबऱ्या आवाजात त्यानं विचारलं, "बस? इतनाच?"

"इतनाच," काका म्हणाले.

घरात काका म्हणजे दुसरंच काही असतील असं मला आधी वाटलं होतं. तसं काही नव्हतं. काकू त्यांच्या थापांना सगळ्यांच्या आधी हसत. "माझं लग्न झालं आन् हे तीन वर्षं हैदराबादेत एका अमिराच्या पोथ्या नकलायला गेले," त्या मला सांगत. "तिथं कुणी काय खायला घातलं कुणास ठाऊक, तवापासून हे असं." मुलगी एकच, गोदू. शांत, कामसू. बाप बेटांवर गेला की ती दळता दळता थांबे आणि ऐके.

मीही थापच समजत होतो. मग एका शुक्रवारी टेकडीवर काका म्हणाले, तिथं ज्येष्ठात सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. त्यांना पकडण्यासाठी मी विचारलं, "मग सायंसंध्या कधी करायची?"

थापा मारणारा माणूस चटकन काहीतरी ठोकून देतो. काका गप्प झाले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू जुनी अडचण कुणीतरी पुन्हा समोर आणून ठेवली. "तोच तर घोटाळा होता," ते हळूच म्हणाले. "पहिले चार दिवस मी वाट बघत बसलो. उपाशी. मग घड्याळ बघून करायला लागलो."

हा माणूस खरंच गेला होता.

त्या दिवशी उतरताना त्यांनी सगळं सांगितलं. हैदराबादेत जुन्या पोथ्या गोळा करणारा तिकडचा एक साहेब भेटला होता. त्याला मोडी आणि बाळबोध वाचून नकलून देणारा माणूस हवा होता. घरी न कळवता काका मुंबईहून आगबोटीत बसले. दीड वर्ष तिथं राहिले. आठवडाभर नकला करत आणि सुटीच्या दिवशी साहेबाच्या घरच्यांबरोबर बेटांवर हिंडत.

घरी आल्यावर त्यांनी मला एक फोटो दिला. आगबोटीची गच्ची, गोरी माणसं, दोन बाया, मध्ये मेज, मेजावर खाणं. आणि धोतरावर लांब कोट, पायात बूट, एका हातात पगडी, दुसऱ्या हातात पेला घेतलेले काका. मागं मोडीत लिहिलेलं: "स्टॉकहोम मुक्कामी. सुटीचे दिवशी बेटावर. हवा उत्तम. सर्वांसोबत खाल्ले."

"तुझ्या पेटीत ठेव," ते म्हणाले. "फाडवत न्हाई."

"काका, मग लोक तुम्हाला थापाड्या म्हणतात तेव्हा तुम्ही..."

"लोक हसतात तोवर बरं हाय, मुन्शी."

मला हा त्यांचा विनय वाटला. असं वाटायला नको होतं. समुद्र ओलांडलेल्या ब्राह्मणाला तेव्हा कुणी पंक्तीत घेत नसे, परक्यांच्या मेजावर जेवलेल्याला तर नाहीच. घर वाळीत पडायचं, मुलींची लग्नं अडायची. मी स्वतः ब्राह्मणाघरचा. हे सगळं मला माहीत होतं. पण त्या फोटोनं मला धुंदी आणली. कचेरीत कुणी काकांची थट्टा केली की मी मनात म्हणायचो, तुम्हाला काय कळणार? मला माहीत आहे. एकट्या मला.

गोदूला सिरसाळ्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, काकांचे जुने पक्षकार. जमीनजुमला मोठा, आवाज त्याहून मोठा. मुलगी पाहून झाली, पसंत पडली. आता जेवणं उरकली की याद लिहायची, म्हणजे लग्न पक्कं. मुलाकडची सहा-सात माणसं, आळीतले दोन शेजारी आणि मी, असे आम्ही सोवळं नेसून पत्रावळींवर बसलो. पुरणाचा स्वयंपाक. काकू वाढत होत्या. दाराआड गोदूच्या बांगड्या वाजत होत्या.

"काय काका," आबा पहिल्या घासालाच म्हणाले, "तुमच्या त्या बेटावर पुरण मिळतं का न्हाई?"

"पुरण न्हाई. निळी फळं मिळतात."

"थापाड्या मानूस!" आबा मांडीवर हात मारून हसले. सगळे हसले. काकूही हसल्या.

थोड्या वेळानं आबांनी शेजाऱ्यांकडं वळून पुन्हा काढलं. "माझा व्याही सगळ्या जिल्ह्यातला अव्वल नंबरचा थापाड्या हाय बरं का! सांगून ठेवतो. मागाहून म्हणू नका."

मला ते झोंबायला लागलं. याद लिहायच्या आधी मुलीच्या बापाला असं म्हणावं? आणि तिसऱ्यांदा तर आबांनी हातातली पोळी ठेवली आणि पंगतीतल्या एकेकाकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "हैदराबादेच्या पलीकडं पाऊल टाकलं न्हाई ह्या मानसानं, आन् समुद्राच्या गोष्टी करतो! थापाड्या! पक्का थापाड्या!"

"ते थापाडे नाहीत," मी म्हणालो आणि उठलो.

पंगत बसली असताना मध्येच कुणी उठत नाही. उष्ट्या हातानं तर नाहीच. सगळे माझ्याकडं बघतच राहिले. "मुन्शी, बस," काका म्हणाले. "पंगतीतून उठू न्हाई." त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता. मी ऐकलं नाही. खोलीत गेलो, डाव्या हातानं पेटी उघडली, फोटो आणला आणि आबांच्या पत्रावळीपुढं धरला.

त्या क्षणी मला काकांची अब्रू वाचवायची होती असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. तसं नव्हतं. हे मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही, हे मला सगळ्यांच्या तोंडावर दिसायला हवं होतं. ते दिसलं.

काकूंच्या हातातल्या पळीतून कटाची आमटी जमिनीवर गळत होती आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. आबांनी फोटोला हात लावला नाही. नुसतं वाकून बघितलं, मग मान वर केली आणि अगदी सहज म्हणाले, "हा कुणी दुसराच दिसतो. असल्या पगड्या शंभर जण घालतात."

मी चक्रावलो. चेहरा तर स्पष्ट होता.

"दुसराच हाय," काका लगेच म्हणाले. "हैदराबादेच्या बाजारात मिळाला होता हा फोटू. मुन्शी थट्टा करतोय." आणि माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला. "सांग की रे. थट्टा केली म्हण."

सगळी पंगत माझ्या तोंडाकडं बघत होती. आबा, त्यांचे भाऊ, दारातून काकू, दाराआडून गोदू. मला मान हलवायची होती. एवढंच. तोंडानं शब्दसुद्धा काढायची गरज नव्हती.

मी फोटो उलटा केला. "मग हे अक्षर कुणाचं?"

आबांच्या धाकट्या भावानं ते वाचलं. त्याला थांबायचं कळलं नाही, तो मोठ्यानं वाचत गेला. "सर्वांसोबत खाल्ले" हे शब्द बाहेर पडल्यावर त्याचाच आवाज बसला.

आबांनी डोळे मिटले. मग तांब्यातलं पाणी पत्रावळीवर सोडलं आणि उठले. त्यांच्यामागं एकेक करत सगळी पंगत उठली. शेजारीही. अर्धी जेवणं तशीच राहिली. काका एकटे बसून होते. त्यांनी हातातला घास पुरा केला, पत्रावळ नीट घडी घातली आणि मग कुणाकडंही न बघता परसात हात धुवायला गेले. मी तिथंच उभा होतो, हातात फोटो घेऊन. मला अजून वाटत होतं की कुणीतरी म्हणेल, शाबास, खरं बोललास.

काकांनी प्रायश्चित्त घेतलं. नदीवर क्षौर केलं, मिशा उतरवल्या, पंचगव्य घेतलं. मी समुद्रापार गेलो ते पाप होतं, असं त्यांना चार लोकांत म्हणायचं होतं. मला वाटलं ते अडतील. ते अडले नाहीत. स्पष्ट, वाचून दाखवावं तसं म्हणाले. मला ते ऐकणं पंगतीपेक्षा जड गेलं. पण प्रायश्चित्त घेतलेल्याच्या घरी आणि कुठंही न गेलेल्याच्या घरी लोक सारख्या पायांनी येत नाहीत. सिरसाळ्याचं स्थळ गेलं. त्यानंतरची चार गेली. गोदूला पुढं नांदेडकडच्या एका बिजवराला दिली, दोन मुलांच्या बापाला.

मी आठवड्याभरात खोली सोडली. काकू दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "दादा, आमचं काय चुकलं होतं?"

त्यानंतर काका लिंबाखाली बसत, अर्ज लिहीत. शाई वाळेपर्यंत पक्षकार दुसरीकडं बघत. बेटांचं कुणी काढत नसे. आधी हसता येत होतं, आता हसायची सोय राहिली नव्हती. न हसता ते ऐकायची कुणाची छाती नव्हती. एकदा मी धीर करून त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि त्या पांढऱ्या झाडांबद्दल विचारलं. काकांनी लेखणी दौतीत बुडवली. "कसली झाडं?" ते म्हणाले. "मी कुठं गेलतो?" पुढं माझी बदली मोमिनाबादेला झाली. ते गेल्याचं मला तिथं कळलं, तेही महिन्यानं.

गेल्या साली कामानिमित्त सिरसाळ्याला गेलो. आबा अजून आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज मात्र तसाच. कोण म्हणून विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "बस. उभा कावून?"

मी बसलो आणि इतकी वर्षं साठवलेलं बोलून टाकलं. माझ्यामुळं तुम्हाला ते कळलं आणि लग्न मोडलं, मला क्षमा करा.

"तुझ्यामुळं कळलं?" आबा माझ्याकडं वळले. "काय कळलं बे तुझ्यामुळं? माझा चुलता हैदराबादेत होता. मुंबईच्या गाडीत त्यानंच बसवून दिलतं तुझ्या काकाला. मला ठावं होतं, माझ्या भावांना ठावं होतं. निम्म्या बीडला ठावं होतं."

"आणि काकू?" मी कसंबसं विचारलं.

"तिला तर परतला त्या दिवसापासून. बायकोपासून लपतंय व्हय काही?"

"मग सगळे थाप का म्हणत होता?"

"मंग काय म्हणावं? खरं म्हटलं की मानूस पंक्तीतून उठतो, थाप म्हटलं की बसतो. तोबी सांगत होता, आमीबी हसत होतो. चांगला मानूस होता. सोडवत नव्हता." आबांनी उपरण्यानं डोळे टिपले, मोतीबिंदूचे की कशाचे मला कळलं नाही. "गोदू मला सून म्हणून पाहिजे होती. म्हणून तर याद लिहायच्या आधी, शेजारी साक्षीला बसवून, तीनदा म्हटलं त्याला थापाड्या. तू लिहिता-वाचता मानूस, त्याच्याच घरी राहणारा. अजून किती मोठ्यानं म्हणायला पाहिजे होतं रे?"